पहिल्याचं मशीन

सवतीमत्सर हा बायकांनीच करायचा असं आपण ठरवून टाकलेलं आहे. भाषेनेही शब्द त्यांनाच दिला. पुरुषाच्या वाट्याला तसलं काही आलं तर त्याला काय म्हणायचं हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो बिचारा आज पित्त झालंय म्हणतो, उद्या डोकं दुखतंय म्हणतो. काटेवाल्याचं नेमकं तेच चाललं होतं. त्याच्या बायकोचा पहिला नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि काटेवाला त्याच्यावर असा जळत होता, जणू तो मेलेला नवरा रोज संध्याकाळी खिडकीखालून शीळ घालत जात असावा.

काटेवाला म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. सोनाराचा नखाएवढा काटा असो, की भंगारवाल्याचा माणूस उभा राहील एवढा असो, सगळे त्याच्याकडे यायचे आणि बरोबर होऊन जायचे. माणूस सरळ होता. काट्यात केसाएवढी खोट राहिली तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. लग्नाचं वय टळून गेल्यावर एकदा आपल्या दुकानाला पाटी करायची म्हणून तो एका पाटीवालीकडे गेला. अक्षरांच्या जाडीवरून त्याने तिच्याशी हुज्जत घातली, तिने त्याला मोजपट्टी दाखवून गप्प केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यापेक्षा बारीक मोजतंय हे पाहून तो जो विरघळला तो विरघळलाच. पुढे लग्न झालं. फक्त पाटीवाली त्याच्या घरी आली नाही, तोच तिच्या घरी राहायला गेला. आपलं तिथेच चुकलं, असं तो पुढे स्वतःशी म्हणायचा.

घर लहान. मागच्या दोन खोल्यांत संसार आणि पुढच्या खोलीत काम. पुढच्या खोलीत काच लावलेलं लांब टेबल, भिंतीला टेकून उभे केलेले रंगीत चिकट कागदाचे रोल, आणि खिडकीशी कापायचं यंत्र. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची, यंत्रातली बारीक सुरी ती कागदावर कापत जायची, मग नको तो भाग चिमट्याने सोलून काढायचा आणि उरलेली अक्षरं नेऊन कुणाच्या काचेवर, कुणाच्या दारावर चिकटवायची. सगळ्या गल्लीच्या पाट्या तिच्या हातच्या होत्या, आणि तिच्या स्वतःच्या दारावर मात्र एक अक्षर नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "मला शोधणाऱ्याला मी सापडते."

या सगळ्यावर काटेवाल्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरबद्दल. तो विंडोजवर नाही, लिनक्सवर चालायचा आणि सुरू केला की पडद्यावर पहिल्याचं नाव यायचं. नाव, आणि खाली पासवर्डची चौकट. पाटीवाली सकाळी पदर खोचून बसायची, त्या नावाखाली काहीतरी टकटक करायची आणि कामाला लागायची. काटेवाला चहाचा कप घेऊन दारात उभा असायचा. चहा त्याने केलेला असायचा. म्हणजे आपण उठून आलं घालून चहा करायचा आणि हिने आधी त्याच्या नावाला तोंड दाखवायचं! अंगाचा तिळपापड व्हायचा त्याच्या. पण बोलणार काय? मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. मेलेल्या नवऱ्याला तरी कशाची भीती दाखवणार?

तो बोलायचा नाही, पण त्याचा चेहरा बोलायचा. सुरुवातीला पाटीवाली सहज म्हणायची, "तेव्हा ना, तो गेला त्या वर्षी..." की हा उठलाच पाणी प्यायला. इतकं पाणी पिणारा माणूस तिने पाहिला नव्हता. दोन-चारदा असं झाल्यावर तिने तो विषय सोडून दिला. घरात त्या काळाबद्दल कुणी काही बोलेनासं झालं, आणि काटेवाल्याला वाटलं, चला, तेवढं तरी जमलं. खरं तर न बोललेल्या जागेत माणूस काय वाटेल ते भरतो. काटेवाल्याने तिथे एक देखणा, हुशार, गोड बोलणारा नवरा भरून ठेवला आणि रोज त्याच्याशी स्वतःला तोलून पाहू लागला. दुसऱ्यांचे काटे दुरुस्त करणाऱ्याला आपलं पारडं वर का चाललंय ते काही कळेना.

मग ते कॉम्प्युटरचं मशीन कुरकुरायला लागलं. लिनक्सची ती आवृत्ती फार जुनी झाली होती. तिच्या दुरुस्त्या येणं बंद झालं होतं, बँकेचं पान उघडेना, गिऱ्हाइकांनी पाठवलेली चित्रं दिसेनात. काटेवाल्याच्या दुकानात काटे तपासायला लिनक्सचंच मशीन होतं, त्यामुळे त्याला त्यातलं बरंच कळायचं. त्याने छाती पुढे काढली.

"मी करून देतो. सगळं पुसू, नवी आवृत्ती कोरी घालू. सरळ काम आहे. नावसुद्धा नवं देऊ," तो म्हणाला. शेवटचं वाक्य त्याने अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

पाटीवाली चिमट्याने एका ‘क्ष’च्या पोटातला कागद काढत होती. तिने वर पाहिलं. "पुसायचं नाही."

"अगं, तुझं काम मी आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतो ना. एक रेघ जाणार नाही."

"काम नाही रे. बाकीचं सगळं. न पुसता आहे त्यावरच नवी आवृत्ती चढवता येते. मी वाचलंय."

"येते, पण एकदम उडी मारता येत नाही. मधल्या आवृत्तीवर जायचं, मग पुढच्या. वेळ जातो त्यात."

"जाऊ दे वेळ. तू कर, पण पुसू नकोस. आहे तसं राहिलं पाहिजे."

आहे तसं! म्हणजे कसं, ते काटेवाल्याला न विचारता कळलं. निदान त्याला तसं वाटलं. तो आत जाऊन पाणी प्यायला.

रविवारी ती धाकट्या बहिणीला घेऊन समोरच्या चष्मेवाल्याकडे गेली. त्याच्या वरच्या फळीवर नाव चिकटवायचं होतं. काचेच्या दारावरची बारीक अक्षरं मात्र अजून कापायची राहिली होती, आणि ती दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी लागायलाच हवी होती. काटेवाला मशीनपुढे बसला. काम मात्र त्याने नीट केलं हो. तिची एकूण एक डिझाइन्स बाहेरच्या डिस्कवर काढली, ती तिथून उघडतात की नाही ते पाहिलं, राहिलेल्या दुरुस्त्या आधी घेतल्या, जागा पुरेल ना ते तपासलं आणि मगच नव्या आवृत्तीची आज्ञा दिली. काळ्या चौकटीत ओळींमागून ओळी धावू लागल्या.

इतक्यात मेहुणी चिकटपट्टी न्यायला आली. ती बडबडी, आणि मनात काही ठेवणं तिला माहीत नव्हतं.

"अय्या भाऊजी, तुम्ही बसलात इथे? ताईने बसू दिलं?"

"का? बसायला मनाई आहे?"

"अहो, या मशीनला ती कुणाला बोट लावू देत नाही. मी एकदा गाणी लावायला गेले तर माझ्यावर अशी खेकसली की बास. तुम्हाला दिलं म्हणजे भारीच आहे."

काटेवाल्याला बरं वाटलं. ते बरं वाटणं एका घोटापुरतं टिकलं, कारण मेहुणीचं बोलणं संपलं नव्हतं.

"पहिल्या भाऊजींनी आणलं होतं ना हे. फार हौशी माणूस. दिसेल ती नवी वस्तू घरात आणायचे. हे कापायचं यंत्रही त्यांनीच आणलं, जुनं, कुणाकडून तरी. हसतमुख तर इतके!" आणि चिकटपट्टी घेऊन ती गेलीसुद्धा.

मेल्या म्हशीला मणभर दूध, काटेवाला मनात म्हणाला. तरी ते दूध नासलेलं आहे असं त्याला सिद्ध करता येईना.

मधल्या आवृत्तीचं काम सुरळीत पार पडलं. पुढची चढू लागली आणि अर्ध्यात ओळी थांबल्या. पडद्यावर प्रश्न आला. अमुक फाईल तुम्ही किंवा दुसऱ्या कुणी बदललेली आहे, आता नव्या आवृत्तीबरोबर तिची नवी फाईल आली आहे, तर नवी घ्यायची, की आहे तीच ठेवायची? काही सांगितलं नाहीत तर आहे तीच ठेवीन.

काटेवाल्याने बदललेली नव्हती. म्हणजे ‘तुम्ही’ म्हणजे कोण, हे उघड होतं.

ती फाईल छपाईची होती. तिचं त्याला काही नव्हतं. त्याने आहे तीच ठेवली, आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत असंही त्याला क्षणभर वाटलं. पुढची फाईल आली ती कापायच्या यंत्राची. त्याने सहज फरक दाखवायला सांगितलं. नव्या फाईलमध्ये चार-पाच कोरडे आकडे होते. जुनीत पानभर होते. चकचकीत कागदाला सुरीचा दाब किती, खडबडीत कागदाला किती, काचेवरच्या धुरकट कागदाला किती. लांब ओळ कापताना यंत्र डावीकडे सरकतं म्हणून दर वितीला उजवीकडे किती ढकलायचं. वळणावर सुरी किती उशिरा वळवायची. दशांशापुढे तीन-तीन आकडे, आणि ते उगाच लिहिलेले नव्हते. काटेवाल्याला अशी गोष्ट वाचता यायची. असे आकडे डोक्यातून येत नाहीत, ते एक-एक करून लावावे लागतात. लावायचं, कापायचं, बघायचं, चुकलं म्हणायचं, आणि परत लावायचं. तो स्वतः काटे असेच लावायचा.

आजवर त्याला एकच आधार होता. पहिला असेल देखणा, असेल हसरा, पण हाताला कारागिरी नसणार. तो आधार आता निसटला. हा तर आपल्यासारखाच माणूस! आपल्यासारखा कसला, आपल्याहून सरस. हिच्यासाठी तो इथे, याच खुर्चीवर बसला, एक-एक आकडा घासून-पुसून बसवला, आणि मेला. आणि तेव्हापासून ही बाई त्या आकड्यांवर अक्षरं कापतेय. मला तिने का पसंत केलं हे आता कळलं, त्याला वाटलं. मोजणारा गेला, म्हणून दुसरा मोजणारा आणला.

मत्सर माणसाला आंधळा करतो असं म्हणतात ते खोटं आहे. तो सगळं दाखवतो, फक्त चुकीच्या माणसाच्या नावावर. काटेवाल्याला आपण काय करतोय हे स्वच्छ दिसत होतं. त्याने ‘नवी घे’ म्हणून सांगितलं. पुढच्या दोन फाईलींनाही तेच सांगितलं. नवी घेतली तरी मशीन जुन्या फाईलची प्रत तिच्याशेजारी ठेवून देतं, हे त्याला माहीत होतं. सगळं संपल्यावर त्याने त्या प्रतीही शोधल्या आणि पुसून टाकल्या. मशीनने खात्री करून घ्यायला विचारलं, तेव्हा त्याने हो म्हटलं. इतक्या दिवसांचं पित्त उतरल्यासारखं झालं. छपाईची तेवढी एक फाईल राहिली, मघाच्या मोठ्या मनाची.

यंत्राचं काय होईल, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यावर त्याने उत्तरही काढलं. आपण नव्याने लावून देऊ. त्याच्याहून चांगले लावू. मग रोज सकाळी ती आपल्या आकड्यांवर काम करील.

पाटीवाली परतली तेव्हा मशीन नव्या रूपात उजळलं होतं. केसांना चिकटपट्टीचा तुकडा, गुडघ्यावर शिडीची धूळ, तशीच ती धावत आली.

"झालं? सगळं चालू आहे?"

"बघ की." काटेवाल्याने बँकेचं पान उघडून दाखवलं, चित्रं उघडून दाखवली. तिने मागून त्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले आणि हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकली. असं ती फारसं करायची नाही.

"दोन दिवस जीव थाऱ्यावर नव्हता माझा," ती म्हणाली. "पण म्हटलं, तूच आहेस. तुझ्या हातून बिघडायचं नाही." काटेवाल्याला तिथून उठूच नये असं वाटलं.

तिने त्याला उठवलं, धुरकट कागदाचा रोल यंत्रात घातला आणि चष्मेवाल्याची अक्षरं कापायला पाठवली. सुरी खाली आली ती कागद, त्याच्या पाठीमागचा कागद, सगळं चिरत गेली. पहिलंच अक्षर फाटून रुळाला गुंडाळलं. तिने झटकन यंत्र थांबवलं, पण रागावली नाही. खुर्चीवर बसून तिने काळी चौकट उघडली. काटेवाला तिच्या बोटांकडे पाहत राहिला. ती कुठेही न अडखळता फाईलपर्यंत गेली. त्याला शोधत जावं लागलं होतं, तिला नाही.

"इथले आकडे कुठे गेले?"

"नवी फाईल घेतली. जुनी आता चालली नसती बहुतेक."

"चालली असती. विचारतं ते, तेव्हा ठेवायची असते." तरी तिचा आवाज शांत होता. "असू दे. बाजूला प्रत असेल." तिने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हात मांडीवर घेतले. "नाहीये."

काटेवाल्याने रुळाला गुंडाळलेल्या कागदाकडे पाहिलं.

"ती आपोआप जात नाही. कुणीतरी काढावी लागते."

आता खोटं बोलायला एक फट होती, पण खोटा काटा ज्याला सोसत नाही त्याला खोटं बोलणंही जमत नाही. "मी काढली," तो म्हणाला.

"का?"

"त्याची होती म्हणून."

"कुणाची?"

"त्याची." नाव काही त्याच्या तोंडून येईना. "पहिल्याची. त्याने बसून लावलेले आकडे रोज तू... मला नाही बघवत."

ऐकलं त्याचा अर्थ पाटीवालीला आधी लागेना. मग लागला.

"अरे, त्याला या मशीनवर गाणी लावता यायची," ती म्हणाली. "तेवढीच यायची. हौसेने आणलं, आठ दिवस खेळला, आणि बसलं धूळ खात. यंत्राची तर त्याने खोकीही उघडली नव्हती. तो गेल्यावर मी उघडली. मला पोटापाण्याला काहीतरी हवं होतं. शिकवायला कुणी नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. वाचायचं, करायचं, बिघडायचं. रोलच्या रोल कचऱ्यात गेले माझे. लोक म्हणायचे, नवरा गेला तरी ही रडत कशी नाही. मी आकडे लावत होते."

"मग नाव त्याचं कसं?"

"विकत त्याने घेतलं, म्हणून त्याचं. नंतर बदलायला गेले असते तर सगळ्या फाईलींचे धागे परत बांधावे लागले असते, आणि नाव काय रे, माझं तिकडे लक्षही जात नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायला तोंड उघडलं की तू पाणी प्यायला उठायचास."

आता या जागी काटेवाल्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण मागाहून. आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. ते पानभर आकडे पहिल्याचे नव्हते. तो कारागीर नव्हता. तो इथे बसला नव्हता, त्याने काही बसवलं नव्हतं, त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं! छातीवरचा दगड उतरावा तसा काटेवाला हलका झाला. त्याला आनंद झाला, आणि आनंद लपवायची त्याला कधी सवय नव्हती, कारण तो त्याच्या वाट्याला फारसा आलाच नव्हता. तो सगळा तोंडावर आला.

पाटीवाली त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

"तू हसलास," ती म्हणाली.

"नाही गं."

"माझी सगळी वर्षं गेली त्यात, आणि तू हसलास."

मग त्याला लाज वाटली. "आपण परत लावू," तो म्हणाला. "मी बसतो तुझ्याबरोबर. मला येतं ते. रोज थोडं थोडं लावू, होईल."

"तुला येतं हे माहीत आहे मला. म्हणूनच तर तुला हात लावू दिला होता."

तिने यंत्र बंद केलं, रुळाला गुंडाळलेला कागद सोडवून काढला, आणि लांब टेबलाखालच्या खणातून हातसुरी आणि पोलादी पट्टी काढली. चष्मेवाल्याच्या दारावरची अक्षरं उद्या लागायचीच होती. तिने कोऱ्या कागदावर पेन्सिलीने पहिलं अक्षर आखायला घेतलं. पट्टी सरकू नये म्हणून काटेवाल्याने पुढे होऊन तिचं दुसरं टोक धरलं. पाटीवालीने पट्टी हळूच त्याच्या बोटांखालून काढून घेतली आणि आपल्या अंगाजवळ सरकवली.

"तू आत जा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

तो आत गेला.